वाटीतली सरकी

१ जानेवारी १९७१, शुक्रवार. सकाळी ९.

नवीन डायरी. सरकीच्या तेलाच्या एजंटानं दिली. जाड पुठ्ठा, खूण ठेवायला लाल रेशमी दोरी. अशी डायरी कोरी ठेवणं बरं दिसत नाही.

संकल्प एकच. इंग्रजी बोलताना भरताड बंद.

परवाचा मंगळवार डोक्यातून जात नाही. दर मंगळवारी अकरा वाजता मुंबईच्या हेड ऑफिसातून कापडिया साहेबांचा ट्रंक कॉल येतो. तीन मिनिटं. एवढ्यात पाथरीच्या आपल्या जिनिंग-प्रेसिंग फॅक्टरीची आठवड्याची हालहवाल मी मॅनेजर म्हणून इंग्रजीत सांगायची. परवा सांगायला लागलो, तर साहेब मध्येच म्हणाले, मिस्टर दत्तराव, तुम्ही आतापर्यंत चौदा वेळा ॲक्चुअली म्हणालात. कापूस एकदाही म्हणाला नाहीत.

वर असंही म्हणाले की परभणीला रिजनल मॅनेजरची जागा होते आहे. बंगला, जीप. त्या जागेवर स्पष्ट बोलणारा माणूस हवा.

एका महिन्यात भरताड साफ. मला अवघड नाही. तंबाखू मी तीन वेळा सोडली आहे.

४ जानेवारी, सोमवार.

पद्धत बसवली. माझा टायपिस्ट नागनाथ फोनजवळ बसेल. समोर स्टीलची वाटी, बाजूला मूठभर सरकी. मी ॲक्चुअली, यू सी, आय मीन, व्हॉट आय मीन टु से, यातलं काही म्हटलं की त्यानं वाटीत एक बी टाकायची. शेवटी मोजायचं. शास्त्रीय पद्धत आहे.

नागनाथनं विचारलं, साहेब, तुम्ही मधेमधे खाकरता ते धरायचं का? ते तब्येतीचं आहे, धरायचं नाही, असं सांगितलं.

फोनवर जे गाळायचं ते या डायरीत लिहायचं, हेही ठरवलं. माणसाचं बोलणं कुठंतरी जायला पाहिजे. तिकडून कापलं की इकडं जमा.

५ जानेवारी, मंगळवार.

एकोणीस.

त्याला कारण आहे. स्टीलच्या वाटीत बी पडली की टण वाजते. प्रत्येक टणला मी दचकायचो, आणि दचकलं की ॲक्चुअली तोंडातून जातंच. साहेबांनी विचारलं, तुमच्याजवळ देऊळ आहे का?

वाटीत फडकं घालायचं.

१२ जानेवारी, मंगळवार.

तीन! फक्त तीन!

नवीन युक्ती. ॲक्चुअली तोंडाशी आलं की ओठ मिटायचे आणि थांबायचं. मोठी माणसं थांबत थांबतच बोलतात. चौथ्यांदा थांबलो तेव्हा एक्स्चेंजवरची बाई मध्ये आली, हॅलो पाथरी, बोलणं झालं का? मी अजून थांबलेलाच होतो. तिनं लाइन तोडली.

म्हणजे कॉल सव्वा मिनिटच झाला. तरी तीन हा आकडा नाकारता येत नाही.

१४ जानेवारी, गुरुवार. संक्रांत.

फॅक्टरी बंद. कमल म्हणाली, अहो, दोन तास झाले तुम्ही घरात एक शब्द बोलला नाहीत, काही दुखतंय का? थांबण्याचा सराव चालू आहे म्हणून सांगितलं. म्हणाली, सराव कसला, थांबलेलेच तर आहात.

बायकांना या गोष्टी कळत नाहीत.

१९ जानेवारी, मंगळवार.

आठ. पण पूर्ण तीन मिनिटांत.

आता वाक्यं लहान केली आहेत. कापूस येतो आहे. मशीन चालू आहे. गासड्या तीनशे. सगळं ठीक. साहेब म्हणाले, बेटर. वाक्य लहान केलं की भरताडीला बसायला जागाच राहत नाही. हे मला कुणी शिकवलेलं नाही.

२० जानेवारी, बुधवार. दुपारी ४.

वालूरकडून आलेल्या गाडीच्या कापसात गारगोटी होती. ती जिनमध्ये गेली आणि ठिणगी उडाली. मशीन लगेच थांबवलं, वरून पाणी मारलं. काही झालं नाही. पण तेवढ्या वेळात रुई पुढं प्रेसवर गेली होती आणि तिच्या अकरा गासड्या बांधून झाल्या होत्या.

प्रेसवरचा मुकादम लिंबाजी. बावीस वर्षांची नोकरी, आवारातच कंपनीची खोली. त्यानं मला न विचारता त्या अकरा गासड्या गोदामात न नेता बाहेर मैदानात लिंबाखाली मांडल्या, एकीला दुसरी लागणार नाही अशा, आणि प्रत्येकीवर गेरूची फुली मारली. विचारलं तर म्हणाला, सायेब, ठिनगीच्या दिवसाची गासडी पंधरा दिवस भाईर बसवायची असती. रुई दाबून बांधलेली, आत विस्तू असला तर दिसत न्हाई. आतल्या आत धुमसत ऱ्हातो.

बाहेर बसवायची! त्याची बायको धुरपताबाई कापूस निवडणाऱ्या बायकांत होती. ती म्हणाली, मॅनेजरसायबाला म्हनावं शिवू नका, घरला जाऊन आंघोळ करावी लागंल. सगळ्या बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मी ऑफिसात आलो.

हे कापडिया साहेबांना इंग्रजीत कसं सांगायचं, हा प्रश्न आहे.

२१ जानेवारी, गुरुवार.

लिंबाजी ऑफिसात आला. म्हणाला, ठिनगीची वर्दी बुकात लिहा सायेब. गोदामाची जबाबदारी मुकादमाची. उद्या काय झालं तर कागद माझ्या गळ्यात, अन् खोली बी जायाची.

वर्दी बुकाची कार्बन कॉपी मुंबईला जाते. मुंबईला ठिणगी हा शब्द गेला की तिकडून दहा प्रश्न येणार, दहा प्रश्नांना दहा उत्तरं द्यावी लागणार, आणि त्या उत्तरांत किती ॲक्चुअली येतील याचा विचार केला. रिजनलचा निर्णय व्हायच्या वेळेला हे नको.

तो समोर उभाच होता. म्हणून ही डायरी उघडली आणि त्याच्या देखत लिहिलं: ता. २० रोजी ठिणगी, गासड्या अकरा, लिंबाजीने वेगळ्या ठेवल्या.

लिहिलं नव्हं? तो म्हणाला. मग बरं. आणि गेला.

त्याला अक्षर लावता येतं, पण उलट्या बाजूनं येत नसावं. हे वर्दी बुक नाही हे कळलं नसेल.

२४ जानेवारी, रविवार. सकाळी ७.

लिंबाजी घरी आला. अंगावर घोंगडी, दाढी वाढलेली. पहाटे तो त्या अकरा गासड्यांच्या लोखंडी पट्ट्यांवर मनगटाची मागची बाजू लावून बघतो. थंडीत पट्टी बर्फासारखी असते. आज चौथ्या गासडीची पट्टी गार लागली नाही म्हणतो.

मी म्हटलं, ऊन पडलं असेल. तो म्हणाला, सायेब, ऊन पडायच्या आदी गेलो हुतो. म्हटलं, मग तुझा हात गार असेल. म्हणाला, हात गार असला तर दहा पट्ट्या गार कशाला लागत्यात?

त्याला ती गासडी फोडायची आहे. पण बांधून झालेली गासडी हेड ऑफिसच्या परवानगीशिवाय फोडता येत नाही. कमल आतून म्हणाली, अहो, आजच मुंबईला फोन लावा की. रविवारी अर्जंट कॉल लावणारा माणूस घाबरलेला वाटतो, आणि घाबरलेला माणूस भरताड बोलतो. मी म्हटलं, मंगळवारी सांगू.

लिंबाजी जाताना म्हणाला, लिहून ठिवा सायेब, पट्टी गरम हाय म्हनून. लिहिलं आहे.

२५ जानेवारी, सोमवार.

उद्याचं वाक्य तयार करत दिवस गेला.

सर, वन बेल इज वॉर्म.

नागनाथ म्हणाला, साहेब, गासडीला ताप आल्यासारखं वाटतंय. मग, सर, वन बेल इज स्लाइटली हॉट. स्लाइटली म्हणजे किती, असं साहेब विचारणार. मग, सर, अवर फोरमन सेज वन बेल इज वॉर्म. मग साहेब विचारणार, तुमचं मत काय? तिथं पुढं मी म्हणालो, ॲक्चुअली, यू सी, व्हॉट आय मीन टु से इज... नागनाथनं वाटीत तीन बिया टाकल्या. सरावातसुद्धा टाकतो.

वाक्य अजून तयार नाही. झोपताना होईल.

२६ जानेवारी, मंगळवार.

हेड ऑफिसला सुट्टी. कॉल नाही. झेंडावंदन केलं. आकडा अर्थातच शून्य, पण तो मी धरत नाही. प्रामाणिकपणा महत्त्वाचा.

लिंबाजी झेंड्याखाली उभा राहून माझ्याकडे बघत होता. राष्ट्रगीत संपेपर्यंत बोलू शकला नाही. संपल्याबरोबर म्हणाला, चार नंबर अजून तसंच हाय.

२७ जानेवारी, बुधवार.

तार! कापडिया साहेब मंगळवारी, २ फेब्रुवारीला, स्वतः येणार. सकाळच्या गाडीनं मानवत रोडला उतरणार, तिथून मोटार. फॅक्टरी बघणार. रिजनलचा निकाल जागच्या जागी.

लिंबाजीला सांगितलं, साहेबच येतायत, आता फोनची गरज नाही, समोरासमोर सांगू. त्याचा चेहरा उजळला. म्हणाला, मंग तर लय बेस झालं. सायेब येऊ द्या, त्येंचा हातच लावतो पट्टीला.

ही कल्पना मला पसंत नाही.

२९ जानेवारी, शुक्रवार. सकाळी.

रात्रभर विचार करून एक मोठा शोध लागला. लिहून ठेवतो.

आतापर्यंत मी भरताड म्हणजे ॲक्चुअली, यू सी एवढंच समजत होतो. हे शब्द येतातच का? माणूस न विचारलेलं सांगायला जातो म्हणून येतात. सगळं ठीक आहे, यात ॲक्चुअली कुठं लागतं? लागत नाही. पण एक गासडी, म्हणायला गेलं की लागतं. म्हणजे मूळ भरताड ती गासडीच आहे. ॲक्चुअली ही नुसती तिची सावली.

नवा नियम: जे विचारलं नाही ते भरताड.

नागनाथला समजावून सांगितलं. त्यानं वाटीतलं फडकं काढून झटकलं आणि परत घातलं. मग म्हणाला, पण साहेब, त्यांनी विचारलं तर?

विचारणार नाहीत. हेड ऑफिसच्या माणसाला लिंबाखाली काय ठेवलंय ते दिसत नसतं.

तेवढ्यात खिडकीतून बाहेर बघितलं. दिसत होतं. स्पष्ट दिसत होतं. अकरा गासड्या, अकरा लाल फुल्या.

३० जानेवारी, शनिवार. संध्याकाळी ५.

आवार साफ केलं. चुना मारला. झाडांच्या बुंध्यांना गेरूचे पट्टे. बाहेरच्या अकरा गासड्या आत गोदामात घेतल्या. पंधरातले दहा दिवस झालेच होते.

लिंबाजी दारात आडवा उभा राहिला. म्हणाला, सायेब, एक काम करा, मला आत ठिवा अन् गासडी भाईर ठिवा. हमाल हसले. मी हसलो नाही. म्हटलं, लिंबाजी, बाजूला हो. म्हणाला, निदान चार नंबर तरी ऱ्हाऊ द्या. हात लावून बघा एकडाव. फकस्त हात लावा.

हात लावला नाही. लावला आणि खरंच गरम लागली, तर मग मला कळलेलं असणार. आणि कळलेली गोष्ट साहेबांपुढं न बोलणं फार अवघड. आज पूर्ण विचार करून हात खिशात ठेवले.

तो बाजूला झाला. ते मला आवडलं नाही.

हमालांना सांगितलं होतं, फुल्या दिसता कामा नयेत. त्यांनी गासड्या उलट्या करून थप्पीत घातल्या. आता गोदामात तीनशे चाळीस गासड्या आहेत, अकरा कुठल्या ते कुणालाच सांगता येणार नाही. लिंबाजीलासुद्धा नाही. त्यानं दारातून नुसतं बघितलं आणि विचारलं, लिहिलं का सायेब, मी नगं म्हनालो ते?

लिहिलं म्हटलं. आता लिहितो आहे.

३१ जानेवारी, रविवार.

गोदामाला कसलातरी वास आहे. ओला चुना असेल. नवीन चुन्याला वास येतोच.

नागनाथ म्हणाला, चुन्याचा वास असा नसतो, हा चिंधी जळाल्यासारखा आहे. त्याला म्हटलं, तू टायपिस्ट आहेस.

गोदामाची दारं घट्ट लावून घ्यायला सांगितली. वास बाहेर येणार नाही.

१ फेब्रुवारी, सोमवार.

उद्याची उत्तरं पाठ. यस सर. नो सर. थ्री हंड्रेड अँड फॉर्टी, सर. ऑल इन ऑर्डर, सर.

नागनाथनं तासभर प्रश्न विचारले. वाटी कोरडी राहिली. एक बीसुद्धा नाही. मी त्याला चहा पाजला. त्यानं अर्धा टाकला.

धुरपताबाई आज दुपारी ऑफिसच्या पायरीपाशी बसली होती. मला बघून उठली आणि काही न बोलता निघून गेली. ही बाई कधी गप्प बसत नाही.

२ फेब्रुवारी, मंगळवार. रात्री ८.

एक! आख्ख्या दिवसात एक!

साहेब उंच, केस पांढरे, आवाज हळू. मशीन बघितलं, प्रेस बघितली. मी प्रत्येक प्रश्नाला एका श्वासात उत्तर दिलं. चालता चालता ते थांबले आणि म्हणाले, मिस्टर दत्तराव, तुम्ही ओळखू येत नाही. माझा ऊर भरून आला.

मग गोदाम. दार अर्धंच उघडलं. साहेबांनी नाक वर केलं. विचारलं, हा वास कसला?

मी म्हणालो, ॲक्चुअली...

मागं नागनाथ वाटी घेऊन उभा होता. बी पडल्याचं ऐकू आलं नाही, फडकं होतं. पण पडली हे मला समजलं. सावरलो. लाइम, सर. न्यू व्हाइटवॉश. साहेब म्हणाले, आय सी. मग त्यांनी विचारलं, या सीझनला एखादी ठिणगी? आग?

म्हणजे विचारलं. नियमाप्रमाणे आता सांगायचं होतं. पण माझा श्वास फार चांगला लागला होता.

नो, सर.

लिंबाजी दाराशी हात जोडून उभा होता. त्याला इंग्रजी येत नाही. साहेब मोटारीत बसल्यावर त्यानं विचारलं, सांगितलं नव्हं सायबाला? मी मान हलवली. मान हलवणं बोलण्यात धरत नाहीत.

साहेब म्हणाले, रिजनलची ऑर्डर पंधरवड्यात. कमलला परभणीच्या बंगल्याबद्दल सांगितलं. ती म्हणाली, तिथं पाणी कसं आहे?

४ फेब्रुवारी, गुरुवार.

लिंबाजी सकाळपासून गोदामाच्या भिंतीला पाठ लावून बसलेला आहे. काम कर म्हटलं तर म्हणाला, करायलो की. भित ऐकायलो.

नांदेडच्या मिलचे ट्रक उद्या येतील. शंभर गासड्या जातील. बाकीच्या पुढच्या आठवड्यात. मग गोदाम रिकामं आणि विषय संपला.

५ फेब्रुवारी, शुक्रवार.

ट्रक साडेअकराला आले. मी दार पूर्ण उघडायला सांगितलं. लिंबाजी ओरडला, सायेब, दोन्ही दारं उघडू नगा, वारं लागंल. आधीच उशीर झाला होता. दोन्ही उघडली.

आधी काहीच झालं नाही. मग धूर जमिनीलगत आला, माणूस दाराबाहेर डोकावतो तसा. मग आत कुठंतरी एक आवाज झाला.

लिंबाजी हातात गासड्या ओढायचा लोखंडी आकडा घेऊन आत गेला. दारापाशीच्या गासड्या ओढून बाहेर काढत होता. सात काढल्या. आठवीला पट्टी तुटून अंगावर आली. हमालांनी त्याला पाय धरून बाहेर ओढलं.

परभणीचा बंब तीनला आला.

६ फेब्रुवारी, शनिवार.

गोदाम अजून जळतंय. कापूस पाण्यानं विझत नाही, वरून काळा होतो आणि आत चालू राहतो. लिंबाजीला परभणीच्या दवाखान्यात नेलं. दोन्ही हात कोपरापर्यंत.

साहेब मंगळवारी चौकशीला येणार.

मी उत्तरं पाठ करतो आहे.

८ फेब्रुवारी, सोमवार.

नागनाथ म्हणाला, साहेब, खरं सांगून टाका. त्यात भरताड आली तर येऊ द्या. मी मोजणार नाही.

त्याला म्हटलं, महिनाभराची मेहनत आहे.

९ फेब्रुवारी, मंगळवार. दुपारी २.

चौकशी माझ्याच ऑफिसात. साहेब माझ्या खुर्चीत. मी टेबलाच्या कडेला, खणाजवळ. डायरी खणात. नागनाथ मागच्या स्टुलावर, समोर वाटी. मी सांगितलं नव्हतं, त्यानं आपणहून मांडली होती.

लिंबाजीला परभणीहून एस.टी.नं आणि स्टँडवरून बैलगाडीतून आणलं. दोन्ही हातांना पांढऱ्या पट्ट्या. धुरपताबाईनं त्याला पाणी पाजलं, त्याला पेला धरता येत नाही.

साहेबांनी मला विचारलं, गोदामाची जबाबदारी कुणाची? फोरमन्स, सर. ठिणगीची वर्दी बुकात आहे का? नो, सर. फोरमननं तुम्हाला तोंडी काही सांगितलं होतं का? नो, सर.

तिन्ही वेळा आवाज स्वच्छ. मलाच ऐकून बरं वाटलं.

मग त्यांनी लिंबाजीला विचारायला सांगितलं. लिंबाजी म्हणाला, म्या पाच डाव सांगितलं. बुकात नसंल. पर मॅनेजरसायबाच्या वहीत हाय. माझ्या देखत लिहिलंय त्येंनी. लाल दोरीची वही.

साहेबांना मराठी येत नाही, त्यांनी नागनाथकडे बघितलं. नागनाथनं शब्दाला शब्द इंग्रजीत सांगितलं. त्याचं इंग्रजी चांगलं आहे हे मला माहीत नव्हतं. एकदाही अडखळला नाही.

साहेब माझ्याकडे वळले. डू यू कीप अ डायरी, मिस्टर दत्तराव?

तेव्हा मी खाली बघितलं. खण नीट लागला नव्हता. लाल दोरी बोटभर बाहेर लोंबत होती, माझ्या गुडघ्याशी. साहेबांच्या बाजूनं ती दिसत नव्हती. लिंबाजीच्या बाजूनं दिसत होती. तो तिच्याकडंच बघत होता. हात असते तर ओढली असती.

नो, सर.

लिंबाजी दोरीकडं बघत होता, मग माझ्याकडं बघितलं. म्हणाला, असू द्या सायेब. तुमी न्हाई म्हनता तर न्हाई.

हे नागनाथनं इंग्रजीत सांगितलं नाही.

साहेबांनी कागदावर लिहिलं. लिंबाजी कामावरून कमी, खोली आठ दिवसांत खाली. मला म्हणाले, तुम्ही फार स्पष्ट बोललात. मग खिडकीतून गोदामाकडं बघितलं. तिथून अजून धूर निघतो आहे. म्हणाले, रिजनलची जागा सध्या भरत नाही आहोत. आणि इथंही आता मॅनेज करायला काही राहिलेलं नाही. पत्र येईल.

मोटार गेल्यावर नागनाथनं वाटी उचलली आणि माझ्या टेबलावर पालथी घातली. काही पडलं नाही. फडकं तेवढं पडलं. टोपी घातली आणि गेला. उद्या येतो म्हणाला नाही.

संध्याकाळी ७.

धुरपताबाई घरी येऊन गेली होती. कमल चुलीपुढं होती, तव्यावर भाकरी. मागं न बघता विचारलं, अहो, लिंबाजीनं तुम्हाला सांगितलं होतं का?

मी म्हटलं, म्हणजे बघ, तसं पाहिलं तर, काय झालं माहितीय का, आता असं की, म्हणजे सांगितलं असं नाही, पण ते आपलं, म्हणायचं तर, मी काय म्हणतो...

ती वळली आणि वाट बघत बसली. मी अजून बोलत होतो. भाकरी करपली. तो वास मला ओळखीचा आहे.

ती म्हणाली, वही कुठं आहे?

म्हटलं, ते, म्हणजे, आता, बघ...

आजचा आकडा. इंग्रजी: शून्य.

मराठीला वाटी मांडलेली नव्हती.